जाहीर करणे: अनाउन्स, डिक्लेअर, प्रोक्लेम की नोटिफाय?

तुम्ही विचारलंय की 'सरकारने दुष्काळ जाहीर केला' ह्याचं इंग्लिश करताना अनाउन्स वापरू की डिक्लेअर, आणि डिक्शनरी उघडावी तर खाली प्रोक्लेम, प्रॉमल्गेट, नोटिफाय, डिस्क्लोज, पब्लिसाइज अशी रांगच लागलेली, आणि मराठी अर्थ बघावा तर सगळ्यांपुढे 'जाहीर करणे', मग निवडायचं कसं. उत्तर आधी देऊन टाकते, तुमच्या वाक्याला डिक्लेअर. अनाउन्स लिहिलंत तर व्याकरण चुकणार नाही पण बातमी बदलेल. का ते सविस्तर सांगते, कारण सरकारी कागद, कोर्टाचे कागद आणि बातम्या दोन्ही भाषांत इकडून तिकडे नेणं हेच माझं रोजचं काम आहे आणि ह्या क्रियापदांत जेवढी गल्लत होते तेवढी दुसरीकडे क्वचितच बघितलीय.

मी प्रत्येक वेळी दोनच गोष्टी बघते. बोलणाऱ्याला ते बोलण्याचा अधिकार आहे का, आणि त्याने बोलून झाल्यावर नेमकं काय बदललं.

आता दुष्काळच घ्या. 31 ऑक्टोबर 2023 ला महाराष्ट्र शासनाने जीआर म्हणजे शासन निर्णय काढला आणि 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यातले 24 गंभीर आणि 16 मध्यम. पाऊस तर आधीपासूनच नव्हता, पिकं आधीच गेली होती, म्हणजे दुष्काळ शिवारात केव्हाच आलेला होता. मग त्या दिवशी काय बदललं? तर जमीन महसुलात सूट, पीककर्जाचं पुनर्गठन, शेतीशी निगडित कर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या वीजबिलात 33.5 टक्के सवलत, विद्यार्थ्यांना परीक्षा फी माफ, हे सगळं त्या कागदाने लागू झालं. तालुक्याचा दर्जा बदलला. बोलल्यामुळे किंवा लिहिल्यामुळे एखाद्या गोष्टीचा दर्जा बदलतो तिथे इंग्लिशमध्ये डिक्लेअर येतं, आणि ते करणाऱ्याला तसा अधिकार असावा लागतो. गावातला कुणीही 'आमच्याकडे दुष्काळ आहे हो' असं घसा फोडून सांगेल आणि ते शंभर टक्के खरं असेल, पण त्याने दुष्काळ डिक्लेअर होत नाही. त्याच्या पुढच्या महिन्यात आणखी सुमारे हजार महसुली मंडळांत 'दुष्काळसदृश परिस्थिती' जाहीर झाली, तो 'सदृश' शब्द भाषांतरात सांभाळून न्यायचा, ड्रॉट-लाइक असंच लिहायचं, तो सटकला की मंडळाचा दर्जाच चुकीचा छापला जातो.

अनाउन्स ह्याच्या मानाने हलकं आहे. माहिती होती, ती लोकांपुढे ठेवली, झालं. ट्रेन उशिरा येणार हे अनाउन्स होतं, लग्न ठरल्याचं अनाउन्स होतं, मंत्री पत्रकार परिषदेत योजना अनाउन्स करतात. जीआर निघेपर्यंत ती योजना कागदावर नसते. आपल्याकडे मराठीत दोन्हीला 'घोषणा' म्हणतात आणि मग घोषणा ऐकून दुसऱ्या दिवशी माणूस बँकेत जातो आणि बँकवाला म्हणतो अजून आमच्याकडे काही आलेलं नाही. बातमी लिहिणाऱ्याने क्रियापद नीट वापरलं तर हा हेलपाटा वाचू शकतो, म्हणून मी ह्यावर एवढी अडून बसते.

निवडणूक हे ह्या सगळ्यासाठी सगळ्यात चांगलं उदाहरण आहे कारण एकाच प्रक्रियेत तीन-चार क्रियापदं ओळीने येतात आणि प्रत्येकाची जागा ठरलेली असते. 2024 ची विधानसभा आठवा. 15 ऑक्टोबरला निवडणूक आयोगाने दिल्लीत पत्रकार परिषद घेऊन कार्यक्रम सांगितला, हे अनाउन्स. 22 ऑक्टोबरला राजपत्रात, म्हणजे सरकारी गॅझेटमध्ये, अधिसूचना निघाली, हे नोटिफाय, आणि लोकप्रतिनिधित्व कायदा 1951 प्रमाणे अर्ज भरायची शेवटची तारीख ही अधिसूचनेनंतरचा सातवा दिवस असते म्हणून ती 29 ऑक्टोबर आली. घड्याळ सुरू होतं ते अधिसूचनेने. 20 नोव्हेंबरला मतदान, 23 ला मोजणी, आणि मोजणी संपली की निवडणूक निर्णय अधिकारी निकाल डिक्लेअर करतो. कायद्यात शब्द डिक्लेअरच आहे, आणि ज्या तारखेला तो डिक्लेअर करतो तीच त्या उमेदवाराच्या निवडीची तारीख धरली जाते. टीव्हीवर दुपारपासून 'विजयी' अशी पट्टी फिरत असते, गुलाल उधळून होतो, पण चॅनेल निकाल डिक्लेअर करू शकत नाही, फार तर रिपोर्ट करतं किंवा प्रोजेक्ट करतं. अमेरिकेत तर न्यूज चॅनेल एखादं राज्य 'कॉल' करतात असा खास शब्दप्रयोग आहे, आमचा हिशोब सांगतो की हा जिंकला एवढाच त्याचा अर्थ, अधिकृत निकाल तिथेही नंतर सर्टिफाय होतो.

इथे एक अपवाद मुद्दाम सांगते. आचारसंहिता लागते ती अधिसूचनेच्या दिवशी लागत नाही, आयोगाने कार्यक्रम अनाउन्स केला त्या क्षणापासून लागते. म्हणजे अनाउन्सनेही कधीकधी मोठा परिणाम होतो, पण तो तसा ठरवून दिलेला असतो म्हणून. म्हणूनच आयोगाची पत्रकार परिषद आहे असं कळलं की त्याआधी उद्घाटनांची आणि जीआरची घाई उडते.

आता प्रोक्लेम. ह्यात मान आहे, समारंभ आहे, आणि बहुतेक वेळा राज्यसत्ता आहे. आपल्या जुन्या दवंडीचा दरबारी भाऊ म्हणा हवं तर. 8 सप्टेंबर 2022 ला राणी एलिझाबेथ वारली त्याच क्षणी चार्ल्स राजा झाला, कायद्याने मध्ये एक मिनिटाचंही अंतर नाही, पण 10 सप्टेंबरला सेंट जेम्स पॅलेसमध्ये त्याला राजा म्हणून प्रोक्लेम केलं गेलं. नवीन काही घडलं नाही, जे होतं ते सगळ्या इतमामात जगाला ऐकवलं. आपल्याकडचं उदाहरण 1858 चं. कंपनी सरकार काढून राणीचं राज्य आणायचा कायदा ब्रिटिश पार्लमेंटने ऑगस्टमध्ये केला, आणि 1 नोव्हेंबरला लॉर्ड कॅनिंगने अलाहाबादला राणीचं प्रोक्लमेशन वाचून दाखवलं. त्याला आपण इतिहासात 'राणीचा जाहीरनामा' म्हणतो. गंमत अशी की आज जाहीरनामा म्हटलं की पक्षाचा निवडणुकीतला कागद डोळ्यापुढे येतो आणि त्याचं इंग्लिश मॅनिफेस्टो, म्हणून 1858 च्या संदर्भात कुणी क्वीन्स मॅनिफेस्टो लिहिलं तर लगेच दुरुस्त करा.

प्रोक्लेम, डिक्लेअर आणि अनाउन्स तिन्ही एकाच घटनेला लागू होतात आणि तिन्ही बरोबर असतात असंही होतं. आणीबाणी बघा. संविधानाच्या कलम 352 मधली रचनाच अशी आहे की राष्ट्रपती प्रोक्लमेशनद्वारे डिक्लरेशन करतात, मराठीत उद्घोषणेद्वारे घोषणा. 25 जून 1975 च्या रात्री राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी सही केली. दुसऱ्या दिवशी सकाळी इंदिरा गांधी आकाशवाणीवरून बोलल्या, राष्ट्रपतींनी आणीबाणी प्रोक्लेम केली आहे, घाबरण्याचं कारण नाही. त्यांनी स्वतः बोलताना क्रियापद राष्ट्रपतींच्या नावावर ठेवलं. म्हणजे राष्ट्रपतींनी प्रोक्लेम केली, पंतप्रधानांनी अनाउन्स केली, आणि देशात आणीबाणी डिक्लेअर झाली. आता कुणी इंग्लिशमध्ये लिहिलं की इंदिरा गांधी प्रोक्लेम्ड इमर्जन्सी, तर राजकीय अर्थाने वाचक समजून घेईल, निर्णय कुणाचा होता ते सगळ्यांना माहीत आहे, पण कोर्टाच्या कागदात किंवा संविधानाच्या पेपरात ते चालणार नाही.

नोटाबंदीतही हेच. 8 नोव्हेंबर 2016 ला रात्री 8 ला पंतप्रधानांनी टीव्हीवर सांगितलं, ते अनाउन्स, आणि त्याच तारखेच्या राजपत्रातल्या अधिसूचनेने 500 आणि 1000 च्या जुन्या नोटा चलनात राहणार नाहीत असं डिक्लेअर झालं, रिझर्व्ह बँक कायद्याच्या कलम 26 खाली. भाषण झालं असतं आणि अधिसूचना निघाली नसती तर नोट कायद्याने चालूच राहिली असती.

प्रॉमल्गेट हे क्रियापद परीक्षेवाले विद्यार्थी उगाच कुठेही टाकतात, वजनदार वाटतं म्हणून. भारतात त्याचं ठरलेलं घर म्हणजे अध्यादेश. कलम 123 खाली राष्ट्रपती आणि 213 खाली राज्यपाल अध्यादेश प्रॉमल्गेट करतात, सरकारी मराठीत 'प्रख्यापित करणे'. सभागृह चालू नसताना काढायचा आणि अधिवेशन पुन्हा सुरू झालं की सहा आठवड्यांत संपणारा असा हा तात्पुरता कायदा. बिहारमध्ये काय चालायचं, तर मुदत संपायला आली की तोच अध्यादेश पुन्हा प्रॉमल्गेट करायचा, परत संपायला आला की परत. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधले प्राध्यापक डी. सी. वाधवा यांनी ह्याचा चिकाटीने अभ्यास केला, 1967 ते 1981 ह्या काळातले 256 अध्यादेश असे एक वर्षापासून पार चौदा वर्षांपर्यंत जिवंत ठेवलेले दाखवून दिले आणि सुप्रीम कोर्टात गेले. 1986 च्या डिसेंबरात घटनापीठाने हा संविधानाशी केलेला कपटाचा खेळ आहे असं ठरवलं आणि सरकारला वाधवांना 10,000 रुपये खर्चापोटी द्यायला लावले. ह्यातून इंग्लिशला री-प्रॉमल्गेशन हा शब्द चांगलाच चिकटला. मला हा किस्सा फार मोलाचा वाटतो, एका अभ्यासकाने एका क्रियापदाच्या आड काय चाललंय ते शोधून काढलं आणि राज्यकर्त्यांना कोर्टात जाब द्यायला लावला. तर प्रॉमल्गेट म्हणजे नुसतं जाहीर करणं नव्हे, कायदा म्हणून बाहेर काढणं. संसदेने पास केलेल्या कायद्यालासुद्धा आपण भारतात हे क्रियापद सहसा लावत नाही, तिथे इनॅक्ट किंवा पास. आणि बिलावर राष्ट्रपती सही करतात तेव्हा कलम 111 च्या भाषेत ते संमती 'डिक्लेअर' करतात.

नोटिफायवर जरा जास्त थांबते. ब्रिटिश किंवा अमेरिकन इंग्लिशमध्ये नोटिफायचं कर्म माणूस असतो. पोलिसांना नोटिफाय करा, बँकेने खातेदाराला नोटिफाय केलं. भारतीय सरकारी इंग्लिशमध्ये मात्र कर्म नियम असतो, जागा असते, पद असतं. सरकारने नियम नोटिफाय केले, अभयारण्य नोटिफाय केलं, म्हणजे राजपत्रात अधिसूचना काढली. इथे कुणाला ह्यात काही खटकत नाही आणि माझ्या मते ही चूकही नाही, आपली कायद्याची गरज आहे आणि इंग्लिशने ती भागवली. पण बाहेरच्या देशातल्या वाचकासाठी लिहीत असाल तर 'गव्हर्न्मेंट नोटिफाइड द रूल्स' वाचून तो बुचकळ्यात पडेल, त्याला पब्लिश्ड इन द गॅझेट असं फोड करून सांगा.

ह्याच क्रियापदाला महाराष्ट्रात एक फार जखमी बाजू आहे. 1871 च्या क्रिमिनल ट्राइब्ज कायद्याने सरकारला अधिकार दिला की राजपत्रात नोटिफिकेशन काढायचं आणि एखादी अख्खी जमात गुन्हेगार म्हणून डिक्लेअर करायची. कुणी काही केलंय का ह्याची चौकशी नाही, जन्मलेलं पोरसुद्धा त्यात. 1911 च्या कायद्याने हे सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानात आणलं, सोलापूरला तारेच्या कुंपणातली सेटलमेंट होती, तिथे हजेरी द्यावी लागायची. 31 ऑगस्ट 1952 ला हा कायदा रद्द झाला आणि ह्या जमाती डीनोटिफाइड झाल्या, आपण त्यांना विमुक्त म्हणतो, बेरड, रामोशी, कैकाडी, कंजारभाट आणि इतर. डीनोटिफाय हा शब्द बाहेरच्या इंग्लिशमध्ये सहसा कुणी वापरत नाही. आणि मी भाषांतर करताना 'विमुक्त' ला फ्रीड किंवा लिबरेटेड करत नाही, डीनोटिफाइडच ठेवते, कारण त्या कोरड्या शब्दातच दिसतं की एका कागदाने डाग लावला आणि दुसऱ्या कागदाने काढला. लोकांच्या आणि पोलिसांच्या मनातून तो अजून कुठे गेलाय.

जमीन संपादनातही नोटिफिकेशन आणि डिक्लरेशन ही दोन वेगळी पायऱ्या आहेत, शेतकऱ्यांसाठी मराठीत माहिती लिहिणाऱ्यांनी हे घोकून ठेवावं. 2013 च्या कायद्यात कलम 11 ची प्राथमिक अधिसूचना निघाली की त्या जमिनीचे व्यवहार थांबतात आणि हरकत घ्यायला 60 दिवस मिळतात. कलम 19 चं डिक्लरेशन नंतर येतं, ह्या जमिनीची सार्वजनिक कामासाठी गरज आहे असं पक्कं सांगणारं, आणि ते साधारणपणे बारा महिन्यांत आलं नाही तर आधीची अधिसूचना रद्द समजतात, सरकारने मुदत वाढवून घेतली तर गोष्ट वेगळी. दोन्हीला 'जाहीर केले' लिहिलं तर माणसाला कळणारच नाही की हरकतीची मुदत अजून आहे की गेली.

क्रिकेट आणि शेअर बाजार पटकन सांगते. कॅप्टन डाव डिक्लेअर करतो कारण तो बोलला की डाव संपतो, आणि क्रिकेटच्या नियमावलीतल्या 15 व्या नियमात लगेच पुढे आहे की हा निर्णय त्याने समोरच्या कॅप्टनला आणि अंपायरना नोटिफाय करायचा. डिक्लेअरचं कर्म डाव, नोटिफायचं कर्म माणसं, एका नियमात दोन्ही. कंपनीचं म्हणाल तर फायनल डिव्हिडंड बोर्ड फक्त रेकमेंड करतं, डिक्लेअर होतो तो वार्षिक सभेत भागधारकांच्या मंजुरीने. अंतरिम डिव्हिडंड मात्र बोर्ड स्वतः डिक्लेअर करतं. मे महिन्यात निकालांबरोबर 'कंपनीने लाभांश जाहीर केला' अशा बातम्या येतात त्यातल्या बऱ्याच बातम्यांत खरं क्रियापद रेकमेंड असतं.

आता दुसरं घराणं, जे आधी झाकलेलं होतं ते उघड करण्याचं. डिस्क्लोज म्हणजे सहसा कायद्याने किंवा नियमाने सांगावं लागतं म्हणून सांगणं, उमेदवाराची मालमत्ता, कंपनीची महत्त्वाची घडामोड. रिव्हील म्हणजे पडदा बाजूला होणं, आणि हे माणूसच करतो असं नाही, ऑडिट रिव्हील करतं, एक्स-रे रिव्हील करतो. डायव्हल्ज म्हणजे गुपित बाहेर देणं आणि ते बहुतेकदा नकारातच भेटतं, अधिकाऱ्याने नावं डायव्हल्ज करायला नकार दिला. पब्लिश म्हणजे कुणालाही वाचता येईल असं ठेवणं. डिस्क्लोज आणि पब्लिश ह्यातला फरक निवडणूक रोख्यांच्या, म्हणजे पक्षांना देणगी द्यायच्या रोख्यांच्या, वेळी लख्ख दिसला. मार्च 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने स्टेट बँकेला सांगितलं की माहिती 12 तारखेपर्यंत निवडणूक आयोगाकडे डिस्क्लोज करा, आणि आयोगाला सांगितलं की 15 पर्यंत वेबसाइटवर पब्लिश करा. पहिल्यात ऐकणारा एकच, दुसऱ्यात सगळा देश. 12 तारखेला काही मराठी साइटवर 'रोख्यांची माहिती जाहीर' असं आलं आणि लोक वेबसाइट उघडून शोधत बसले, तिथे तोवर काहीच नव्हतं. तिथे 'आयोगाकडे सोपवली' एवढंच लिहायला हवं होतं.

कोर्टाच्या निकालाला प्रोनाउन्स, जजमेंट खुल्या कोर्टात प्रोनाउन्स होतं, अनाउन्स नाही. जीआर, परिपत्रक, वॉरंट 'काढणे' ह्याला इश्यू. प्रेसनोट, सिनेमा, आकडेवारी ह्यांना रिलीज. दहावी-बारावीचा निकाल भारतात डिक्लेअर होतो आणि इंग्लंडमध्ये पब्लिश किंवा रिलीज होतो, दोन्ही आपापल्या जागी बरोबर.

व्याकरणात आपण मराठी लोक कुठे घसरतो ते सांगते. आपल्याकडे 'त्यांनी आम्हाला जाहीर केलं' असं कानाला चालून जातं म्हणून 'दे अनाउन्स्ड अस' लिहिलं जातं, ते चूक. अनाउन्स्ड टू अस दॅट. डिक्लेअर, डिस्क्लोज, रिव्हील सगळ्यांना ऐकणाऱ्या माणसाआधी टू लागतो. नोटिफाय आणि इन्फॉर्म मात्र माणूस थेट घेतात, तिथे टू घातला की चुकलं, आणि गोष्ट सांगायची तर पुढे ऑफ, नोटिफाइड द कॅंडिडेट्स ऑफ द रिझल्ट. डिक्लेअर आणि प्रोक्लेमच्या पाठोपाठ नाम किंवा विशेषण तसंच ठेवता येतं, डिक्लेअर्ड हिम इलेक्टेड, प्रोक्लेम्ड हिम किंग. अनाउन्सला ते जमत नाही, तिथे अॅज घालावा लागतो. आणि अनाउन्स अबाउट, डिक्लेअर अबाउट हे तर काढूनच टाका.

अनव्हेल, हेराल्ड, ट्रम्पेट, टाउट ही मंडळी बातमीच्या मथळ्यात दिसतात. अनव्हेल पुतळ्याला आणि नवीन गाडी-मोबाइलला ठीक. हेराल्ड माणसापेक्षा घटनेला जास्त शोभतं. ट्रम्पेट आणि टाउट ह्यात लिहिणाऱ्याचं मत मिसळलेलं असतं, हा माणूस स्वतःचा ढोल वाजवतोय असं, म्हणून मूळ मराठीत 'सांगितलं' असेल तर भाषांतरात ही दोन्ही घालू नका, आपण न विचारता मूळ बोलणाऱ्यावर शेरा मारल्यासारखं होतं.

शेवटचं अवघड दुखणं म्हणजे 'जाहीर करण्यात आले'. कर्ताच नाही. मराठी सरकारी भाषेत हे वाक्य पानोपानी असतं आणि इंग्लिशमध्ये जाताना क्रियापद निवडायला कर्ता लागतोच. अशा वेळी जीआरच्या वरच्या भागात बघा, विभागाचं नाव असतं, खाली 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने' अशी ओळ आणि सही करणारा अधिकारी असतो, कोणत्या कायद्याखाली ते दिलेलं असेल तर बहुतेकदा सुरुवातीच्या भागात असतं. बातमी असेल तर बातमीदाराला फोन करून विचारा, कागद निघालाय की साहेब नुसते बोलले. आणि काहीच हाती लागलं नाही तर अनाउन्स्ड लिहा, कारण त्यात तुम्ही एवढंच म्हणता की असं सांगितलं गेलं, डिक्लेअर्ड लिहिलंत तर ते लागू झालंय ह्याची हमी तुम्ही स्वतःच्या खांद्यावर घेता.